मूरवर बघायचं काय? (किंडर स्काउट, पीक डिस्ट्रिक्ट)

ओले_मोजे (धागाकर्ती):

परवा पुण्याहून पाहुणे आले होते. लेक डिस्ट्रिक्ट झालं होतं, एडिंबरा झालं होतं, एक दिवस मोकळा होता. मी मोठ्या हौसेने त्यांना स्नेक पासच्या रस्त्याने वर मूरवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या ओल्या, उघड्या रानात नेलं. माथ्यावर गाडी बाजूला घेतली. चौघंही काचेतून बाहेर बघत बसले. तपकिरी जमीन, तिच्यावर टेकलेलं करडं आभाळ, मध्ये दोन मेंढ्या. पाचेक मिनिटांनी काका म्हणाले, "छान आहे हो. पण इथे बघायचं काय?"

मला उत्तर देता येईना. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

मी मूळची साताऱ्याची, राहते इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला. गेली सहा वर्षं महिन्यातून एकदा तरी किंडरवर जाते. किंडर स्काउट हा पीक डिस्ट्रिक्टमधला सर्वांत उंच डोंगर, ६३६ मीटर. आमचा अजिंक्यतारासुद्धा समुद्रसपाटीपासून याहून उंच आहे, तेव्हा उंचीचं कौतुक सांगत नाही. शिवाय याला शिखर असं नाहीच. तुम्ही घळीतून धापा टाकत वर येता, कड्याचा शेवटचा टप्पा चढता, आणि समोर लांबच लांब सपाट पठार. सर्वांत उंच जागा हुडकायला गेलात तर चिखलातला एक उंचवटा आणि त्यावर कुणीतरी रचलेले चार दगड. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या दगडांपाशी उभी राहून विचारलं होतं, "शिखर कुठाय?"

मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफील्डकडे जाणारी थांबत थांबत जाणारी गाडी पकडायची, पाऊण तासात ईडेल. स्टेशनवरून गावात शिरलं की एका जुन्या पबच्या दारात पेनाइन वे सुरू होतो. १९६५ साली खुली झालेली ही पायवाट थेट स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमपर्यंत जाते, जवळजवळ ४३० किलोमीटर. मी तिच्यावर पहिले पाच-सहाच किलोमीटर असते, पण पाठीवर मोठी सॅक घेतलेले लोक दिसले की उगाच आपणही त्यातलेच असल्यासारखं चालते.

जेकब्ज लॅडर हा पायऱ्यांचा चढ. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा शेतकरी इथे राहायचा, त्याने या पायऱ्या खोदल्या असं सांगतात. घोडा वळणावळणाने यायचा आणि हा सरळ वर जाऊन थांबायचा, पाइप ओढत. (पाइपचं मी घातलं. पण ओढत असणारच.) वर पोचलं की कड्याच्या कडेने काळे दगड लागतात. वाऱ्यापावसाने इतके गुळगुळीत आणि फुगीर झालेत की एका पुंजक्याचं नावच वूलपॅक्स, लोकरीची गाठोडी.

आणि मग आतला भाग. तिथे पीट आहे. काळी, चहाच्या चोथ्यासारखी, दाबली की पाणी सोडणारी. पाण्याने तिच्यात चर पाडलेत, इथले लोक त्यांना ग्रफ म्हणतात. काही चर माणसाच्या डोक्याहून खोल. त्यात उतरलं की जग संपतं. दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, वर आभाळाची पट्टी, पायाखाली राड. दहा पावलांत दिशा हरवते. वर चढून बघावं तर पुढे तसलाच दुसरा चर. एकदा माझा उजवा पाय मांडीपर्यंत रुतला. पाय निघाला, बूट राहिला. तो हाताने खणून काढला.

पश्चिमेला किंडर डाउनफॉल, ३० मीटरचा धबधबा. वारा समोरून आला की पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही, पण जानेवारीत ते उडालेलं पाणी चष्म्यावर गोठतं, तो अनुभव पाटण तालुक्यात मिळायचा नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, की मूर बघायची जागा नाही. देखावा असा तिथे नाही, फोटोत तर काहीच येत नाही. ती तळपायाला कळते: कुठे टणक, कुठे स्पंजासारखी, कुठे फसवी. पाहुण्यांना गाडीतून दाखवली ही माझी चूक. तुमच्यापैकी कुणी जाता का? का जाता?

डोंगर_नको:

खरं बोलू? तुमचे काका मला पटले. लेख छान, पण वर्णनातून एवढंच कळलं की बूट रुततो, दिशा हरवते आणि शिखर सापडत नाही. यासाठी रविवार घालवायचा?

सड्यावरचा:

आधी एक भाषेची शंका. मूरला मराठीत काय म्हणाल? माळरान म्हटलं की मला सोलापूरकडची कुसळं, धनगर आणि माळढोक दिसतो, सगळं कोरडं. पठार म्हटलं तर नुसता आकार कळतो. आमच्याकडे राजापूर-देवगडला 'सडा' म्हणतात. जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, जून ते सप्टेंबर पाणीच पाणी, आणि बाहेरून येणाऱ्याला 'ओसाड' वाटणारं. सरकारी कागदात तर पडीक. मूर त्याच्या जवळची वाटते.

ओले_मोजे:

@सड्यावरचा, सडा मनापासून आवडला. फरक इतकाच की सड्याला दिवाळीनंतर कोरड पडते, हा बाराही महिने ओला. बारमाही सडा म्हणू.

@डोंगर_नको, मी वर्णनात कमी पडले हे मान्य. पण तुम्ही समुद्रावर जाता तेव्हा तिथे तरी काय असतं बघायला?

डोंगर_नको:

भेळ.

काळीमाती:

😀 भेळेनंतर जरा कोरडी (म्हणजे ओली) माहिती.

पीटला आपण सवयीने माती म्हणतो. माती म्हणजे मुख्यतः झिजलेला खडक. पीट म्हणजे जवळजवळ सगळं अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत. पाऊस वर्षभर, थंडी कायमची, पाण्याला उतार नाही. पाणी साचलं की आत हवा शिरत नाही आणि हवा नसली की कुजण्याचं काम रेंगाळतं. त्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ भोवतालचं पाणी आंबट करून टाकतं. म्हणजे खारात बुडवून ठेवलेल्या लोणच्यासारखं: फोड मऊ होते, पण सडत नाही. थर वाढतो वर्षाला साधारण एक मिलिमीटर. ओले_मोजे यांचा पाय मांडीपर्यंत गेला म्हणतात, म्हणजे सात-आठशे वर्षं खाली. तळाचं टोक यादवांच्या काळात.

स्फॅग्नम स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं, म्हणून मूर हा डोंगरावर ठेवलेला स्पंज. स्पंज धड असेल तर खालच्या गावांत पूर उशिरा आणि सावकाश येतो. पीटमध्ये हजारो वर्षांचा कार्बन अडकलेला आहे, तो उघडा पडला की हवेत जातो, ही अलीकडची काळजी.

खालचा खडक मिलस्टोन ग्रिट, जाडाभरडा वालुकाश्म. नावातच जातं आहे. शेफील्डजवळ स्टॅनेज एजच्या पायथ्याशी घडवून तशाच सोडलेल्या जात्याच्या तळ्या अजून गवतात पडल्यात. गिऱ्हाईक आलंच नाही. नॅशनल पार्कचं बोधचिन्हही तेच, जात्याची तळी.

आणि सड्यावरचा यांच्यासाठी: ब्रिटनमधल्या अशा पाणथळ जागी ड्रोसेरा सापडते, कीटक खाणारी. कासच्या पठारावर आपण तिला दवबिंदू म्हणतो. जात वेगळी, पण कारण एकच. जमिनीत नायट्रोजन नाही, मग झाड माश्या धरून खातं. जांभ्यावरही उपाशी, पीटवरही उपाशी.

सड्यावरचा:

"यादवांच्या काळात" 🙏 आता चिखलात पाय घालताना आदराने घालीन.

शेफील्डची_माई:

मुलांनो, मी इथे १९७४ साली आले. यांनी पहिल्याच महिन्यात मला मूरवर नेलं, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगावर साडीवर कोट. परत आल्यावर मी म्हटलं, लग्न करून आणलंत ते या चिखलासाठी का? पुढे चाळीस वर्षं गेलो. हे आता नाहीत, गुडघेही नाहीत, पण खिडकीतून कडा दिसतो.

तुम्ही सगळे वर जाता ते कुणामुळे, तेही सांगायला हवं. शंभर वर्षांपूर्वी किंडरवर जायला बंदी होती. जमीन बड्या जमीनदारांची, वर ग्राउस पक्षी राखलेले, वर्षातले थोडे दिवस शिकार आणि बाकीचे दिवस रखवालदार काठ्या घेऊन उभे. खाली मँचेस्टर आणि शेफील्ड, गिरण्या आणि पोलादाच्या भट्ट्यांत आठवडाभर धूर खाणारी माणसं. रविवारी त्यांना मोकळी हवा हवी आणि ती डोळ्यांसमोर असून कुंपणाआड.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफिल्डहून सुमारे ४०० जण निघाले, बहुतेक तरुण कामगार. पुढे बेनी रॉथमन, वय वीस. विल्यम क्लफच्या घळीतून वर गेले, रखवालदारांशी थोडी झोंबाझोंबी झाली, वर ईडेलच्या बाजूने आलेले शेफील्डचे लोक भेटले आणि सगळे खाली उतरले. गावात पोलीस वाट बघत होते. गंमत अशी, की दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवणं हा तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता. म्हणून दंगलीचे आरोप लावले. डर्बीच्या कोर्टात ज्युरी कोण, तर लष्करी अधिकारी आणि जमीनदार. पाच जणांना दोन ते सहा महिने कैद. रॉथमनला चार.

त्या वेळच्या मोठ्या गिर्यारोहण संघटनांनाही हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, अर्जविनंत्या चालू आहेत, ही पोरं खेळ बिघडवतील. पण शिक्षा ऐकून लोक चिडले आणि खेळ उलटा फिरला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. २००० साली मोकळ्या डोंगराळ जमिनीवर चालण्याचा हक्क कायद्यात आला. २००२ मध्ये, सत्तर वर्षं झाल्यावर, ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी आजोबांच्या काळातल्या त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. आमचे हे तेव्हा म्हणाले, "एवढ्या उशिरा माफी फक्त इंग्रजच मागू शकतो."

ओले_मोजे:

माई, 🙏. विल्यम क्लफमधून मी तीन-चारदा गेलेय, दर वेळी घाईत.

डोंगर_नको:

माई, हे मात्र वाचायला आवडलं. बंदी आहे म्हटल्यावर मलासुद्धा जावंसं वाटायला लागलं.

पण गंभीरपणे एक विचारतो. तुम्ही सगळे निसर्ग निसर्ग म्हणताय. मी जरा वाचलं. पीटच्या खाली बर्चची खोडं सापडतात म्हणे. म्हणजे इथे झाडं होती. माणसांनी तोडली, मेंढ्यांनी उरलेली खाल्ली, शिकाऱ्यांनी हेदर जाळलं, कारखान्यांच्या धुराने शेवाळ मेलं. मग हा निसर्ग कसला? ही तर जखम आहे, आणि तुम्ही तिच्यावर सहलीला जाता.

पाणटिवळा:

दुर्दैवाने बरोबर आहे. थोडं जोडतो. मूर अशी 'राखली' जाते. हेदरची जुनी झुडपं पट्ट्यापट्ट्याने जाळायची, म्हणजे कोवळे कोंब येतात आणि ग्राउस ते खातात. म्हणून लांबून काही मूर गोधडीसारख्या दिसतात, प्रत्येक ठिगळाची छटा वेगळी. १२ ऑगस्टला शिकारीचा मोसम उघडतो, १० डिसेंबरला बंद. संरक्षित क्षेत्रांतल्या ४० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर जाळायला इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये परवाना सक्तीचा झाला, २०२५ मध्ये ती मर्यादा ३० सेंटिमीटरवर आणली. त्यावरून भांडणं चालू आहेत आणि दोन्ही बाजू एकमेकांना 'तुम्हाला मूर कळत नाही' म्हणतात.

पण जखम असली तरी तिथे जगणारे आहेत हो. ग्राउस पायाखालून भर्रकन उडतो आणि ओरडतो ते इंग्रजांना "गो बॅक, गो बॅक" ऐकू येतं. सायमन कमिशनची आठवण ज्यांना आहे त्यांनी हसून घ्यावं. वसंतात कर्ल्यू येतात. लांब वाकडी चोच, आणि शीळ अशी की सुरुवातीला एकेक थेंब आणि मग सगळी घागर उपडी. आपल्याकडे थंडीत खाडीकिनारी येणारा कोरल तो हाच.

आणि पांढरे ससे. माउंटन हेअर स्कॉटलंडहून एकोणिसाव्या शतकात आणून सोडले, तेही शिकारीसाठीच. थंडीत पांढरे होतात. हल्ली बर्फ नीट पडत नाही, मग काळ्या पीटवर हा पांढराशुभ्र ससा स्तब्ध बसलेला असतो, त्याच्या मते अदृश्य. फेब्रुवारीत एकाच दुपारी मी अकरा मोजले.

डोंगर_नको:

ससा चालेल. 🐇

तीन_वर्षांची_आई:

वाचनखूण साठवली. लहान मुलीला नेता येईल का? आणि घेऊन काय काय जायचं? आमच्याकडे फक्त ट्रेनर्स (साधे खेळाचे बूट) आहेत.

नकाशाबाज:

मुलीला पठारावर नको, पण ईडेलहून ग्राइंड्सब्रुकच्या ओढ्याकाठी मैलभर जा आणि परत या, मजा येईल. मार्च ते जुलै कुत्रं असेल तर दोरीला बांधूनच (पक्षी जमिनीवर घरटी करतात). गवतातून आलात की गोचीड बघा, विशेषतः गुडघ्यामागे. आणि शेगडी, बार्बेक्यू काही नको. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थ मूर पेटली तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं. पीट आतून धुमसते, वरून विझली असं वाटतं आणि पुन्हा पेटते.

मोठ्यांसाठी: घोट्याच्या वर येणारे बूट, गेटर (बूट आणि नडगीवर चढवायचं आवरण), पावसाचा पूर्ण पोशाख, टोपी-हातमोजे जुलैतसुद्धा, आणि कोरडे मोजे (धागाकर्तीचं नाव उगाच नाही). ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १ हा कागदी नकाशा आणि होकायंत्र. हसू नका.

हसू नका यासाठी की आम्ही हसलो होतो. ऑक्टोबर, चार मित्र, सगळे सह्याद्रीत पंधरा-वीस वर्षं भटकलेले. "सहाशे मीटर? चहा पिऊन येऊ." दुपारी दोनला ढग खाली बसला. फोनवर नकाशा होता तोवर ठीक, थंडीने बॅटरी चाळीसवरून एकदम शून्यावर. सह्याद्रीत वाट चुकली तर एक शहाणपण असतं, उताराला लागा, ओढा धरा, कुठेतरी वाडी लागेल. आम्ही ओढा धरला. अर्ध्या तासाने चिखलात बुटांचे ठसे दिसले, जीव भांड्यात पडला. मग कळलं की ते आमचेच. पुन्हा ओढा धरला. या वेळी पाण्याचा आवाज वाढत गेला, वाढत गेला आणि आमच्यातला सर्वांत आळशी मित्र म्हणाला, "थांबा रे, पुढे आवाज खालून येतोय." आम्ही डाउनफॉलच्या तोंडाशी होतो. ३० मीटर सरळ खाली.

तिथून कड्याच्या वाटेने अंधारात हेफिल्डला उतरलो. गाडी ईडेलला, डोंगराच्या पलीकडे. टॅक्सीवाल्याने चिखल बघून सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि मगच बसू दिलं.

तेव्हापासून: माथ्यावरचा ओढा वाट दाखवेल अशी आशा सोडा. अडकलात तर ९९९, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नसेल तर शिट्टीचे सहा आवाज, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, जेवणाच्या ताटावरून उठून आलेले.

तीन_वर्षांची_आई:

ओढ्याकाठी मैलभर पुरे आम्हाला. 🙂

साताऱ्याचा_जावई:

आमच्या कासपुढे हे काहीच नाही. जागतिक वारसा, २०१२.

ओले_मोजे:

अहो जावईबापू, कास माझं माहेर आहे, मला नका सांगू. पण एक योगायोग बघा. ऑगस्टअखेर कासला तेरडा आणि सीतेची आसवे फुललेली असतात, त्याच आठवड्यांत इथे हेदर. सगळा डोंगर जांभळा, चालताना परागांची भुकटी उडून बूट करडे होतात आणि मधाचा वास येतो. दोन वर्षांपूर्वी आई कासवरून आणि मी किंडरवरून एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर होतो. दोघींकडेही रेंज जेमतेम. तिला माझ्याकडे वारा ऐकू येत होता, मला तिच्याकडे गर्दी.

गिरणगाव:

मी कधी इंग्लंडला आलेलो नाही, लालबागला राहतो. पण डोंगर_नको यांच्या 'जखम' शब्दापाशी अडकलो.

धूर कुठल्या गिरण्यांचा? लँकेशायरच्या. त्यांना कापूस कुठून? आधी अमेरिकेतून. १८६१ ला तिकडे यादवी युद्ध पेटलं, कापूस बंद झाला आणि मुंबईतून गाठींच्या गाठी जाऊ लागल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, सगळ्याला तिकडे 'सुरती' म्हणायचे आणि धागा तुटतो म्हणून गिरणी कामगार त्याला शिव्या घालायचे. इथे पैशाचा पूर आला, १८६५ ला युद्ध संपलं आणि निम्मी मुंबई बुडाली, हे आपण शाळेत शिकलो. त्या धुराचा काही अंश वऱ्हाडातल्या कापसाच्या नावावर लावायला हरकत नाही. मूर जळाली त्यात आपलाही हातभार.

माझे वडील पस्तीस वर्षं गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांना हा धागा वाचून दाखवतोय. विचारतायत, त्या गिरण्यांचं पुढे काय झालं? इथे तर मॉल झाले.

काळीमाती:

काही फ्लॅट झाले, काही पाडल्या. पण तुमच्या वडिलांना हे नक्की सांगा. पेनाइन वेवर इतके लोक चालायला लागले की पायवाटेची पीट उधडून वाट पन्नास-पन्नास फूट रुंद झाली, नुसता चिखल. मग त्यावर दगडी फरशा टाकल्या. हेलिकॉप्टरने आणून, एकापुढे एक. त्यातल्या पुष्कळ फरशा पाडलेल्या गिरण्यांच्या जमिनीतल्या आहेत. काहींवर यंत्रं पक्की करायची भोकंसुद्धा दिसतात.

आणि जखमेचं म्हणाल तर मलमपट्टी चालू आहे. २००३ पासून मूर्स फॉर द फ्यूचर नावाची भागीदारी उघड्या पीटवर चुना आणि गवताचं बी टाकते, चरांत छोटे बांध घालते (पाणी अडवा, पाणी जिरवा, आपलंच) आणि स्फॅग्नमची बोटभर रोपं हाताने लावते. मी दोनदा गेलोय लावायला. दिवसभर वाकून भातलावणीच, फक्त चार अंशांत.

गिरणगाव:

वडील दोन वेळा म्हणाले, परत वाच. फरशीचा फोटो मिळेल का कुणाकडे? भोकांचा.

ओले_मोजे:

माझ्याकडे नाही, लाज वाटतेय. सहा वर्षं त्यांच्यावरून चालतेय. रविवारी जाते.

डोंगर_नको:

ओले_मोजे, रविवारी कितीची गाडी? ससा दिसला नाही तर परतीची भेळ तुमच्याकडून.

ओले_मोजे:

अपडेट. आम्ही दोघं हेफिल्डहून गेलो, विल्यम क्लफमधून वर, मिल हिलला पेनाइन वे गाठला आणि स्नेक पासच्या दिशेने फरशांवरून निघालो. गारा, वारा, मग अर्धा तास ऊन, मग पुन्हा गारा. डोंगर_नको यांनी पहिला तासभर माझ्याशी अबोला धरला होता. ससा एक दिसला, लांब, मागचा भागच. ते म्हणाले हा धरायचा नाही, म्हणून भेळ माझ्यावर बसली.

भोकाच्या फरश्या बऱ्याच आहेत. एका फरशीवर दोन भोकं, हातभर अंतरावर, दोन्ही पाण्याने भरलेली. एकाच्या कडेने शेवाळ आलंय. आजूबाजूचा दगड पायांनी घासून गुळगुळीत झालाय, पण आमच्या पायांनी की त्या गिरणीतल्या, ते कळायला मार्ग नाही. बोट घातलं तर अंगठ्याच्या पेरापर्यंत आत गेलं. फोटो दिलाय, थोडा हललाय, हात गारठले होते.

डोंगर_नको:

नोंद: उजवा पाय, गुडघ्यापर्यंत. म्हणजे काळीमाती यांच्या हिशेबाने शिवाजी महाराजांच्याही आधी. बूट सापडला. मोजा नाही.

गिरणगाव:

फोटो वडिलांना मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत होते. म्हणाले, साच्याच्या पायाची भोकं आहेत ही. साच्याला पाय चार. दोन या फरशीवर आली, उरलेली दोन शेजारच्या फरशीवर असणार, ती उचलून कुठे टाकली कुणास ठाऊक.

मग म्हणाले, त्यांना विचार, वर गेल्यावर आवाज कसा असतो.

ओले_मोजे:

काकांना सांगा, काही नसतो. वारा पडला की कानात आपलंच रक्त ऐकू येतं.

गिरणगाव:

सांगितलं. हसले. साचेखात्याने त्यांचा डावा कान केव्हाच नेला, म्हणाले मला इथेसुद्धा अर्धं तेच ऐकू येतं.